तात्यांचे वेगळे ताट आणि अमेरिकेतला विषाणू

आमच्या चाळीतल्या तात्यांना मागच्या पावसाळ्यापासून रात्री चार-पाच वेळा उठावे लागू लागले. संडास मजल्याच्या टोकाला, पॅसेजमधला दिवा कधी असतो कधी नसतो. काठी टेकत जायचे, दहा मिनिटे उभे राहायचे आणि धड न होताच परत यायचे. वय चौऱ्याहत्तर. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षे वॉचमनकी केलेला माणूस. रात्र जागून काढायची सवयच, तेव्हा कुणाला त्यात विशेष वाटले नाही. तात्याही बोलले नाहीत. गुडघे दुखतात हे पुरुष माणूस चारचौघांत सांगतो, पण लघवी अडते हे बायकोलाही सांगत नाही. पुढे कंबर धरली, तेव्हा मुलाने आम्हांला हाक मारली. वस्तीतल्या कुणालाही इस्पितळात न्यायचे तर रजा टाकून सोबत जाणे हे काम आमच्याकडे गेली पंधरा वर्षे आहे.

तपासण्या झाल्या. रक्तातला पीएसए नावाचा आकडा, जो साधारण चारच्या खाली असावा, तो साठाच्या वर निघाला. मग सुईने तुकडे काढून तपासले. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि कमरेच्या हाडापर्यंत गेलेला.

आजार कळला त्याचे दुःख घराने सोसले. आम्ही लिहायला बसलो ते त्यानंतर जे घडले त्यामुळे.

गावाकडून तात्यांचा पुतण्या भेटीला आला. शिकलेला, चौकस पोरगा. त्याच्या फायलीत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे जुने कात्रण होते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये एक नवा विषाणू सापडला आहे, तो उंदरांच्या विषाणूच्या जातीचा आहे आणि तो माणसांतही पसरलेला असू शकतो, अशी ती बातमी. पुतण्याने ती वाईट हेतूने दाखवली नाही. पण चाळीत उंदरांना काय तोटा? दोन दिवसांत घरात उंदराचे औषध आले. आठवड्याभरात तात्यांचे ताट, पेला आणि टॉवेल वेगळे झाले. नातू आजोबांच्या ताटात जेवायचा, त्याला मोरीपलीकडे बसवू लागले.

आम्ही गेलो तेव्हा तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "माझ्या बापाला गावच्या हाटेलात कप येगळा होता. म्या म्हमईला आलो ते त्यासाठीच. आता माझ्याच घरात माझा पेला येगळा."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला का हौस आहे? पण पेपरात छापून आलंय. लेकरू लहान आहे. तुम्हीच सांगा, खोटं आहे का ते?"

आम्हांला तेव्हा उत्तर देता आले नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. "नुसत्या ताटाने काही होत नाही," एवढे म्हणालो, पण सूनबाईंनी विचारले होते ते कात्रणाबद्दल. म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरांकडे चार रविवार बसलो, त्यांनी दिलेले कागद वाचले, न कळले ते पुन्हा विचारले. जे कळले ते येथे देतो, कारण तसले कात्रण आणखी एखाद्या घरात असू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे, बातमी छापली तेव्हा ती खोटी नव्हती. पुढे ती खोटी ठरली, आणि ते मात्र ठळक अक्षरांत छापले गेले नाही.

विषाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी एका कोंबडीच्या गाठीचा रस इतका बारीक गाळला की त्यात पेशी किंवा जंतू उरू नयेत. तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ आली. गाळणीतून जाण्याएवढे सूक्ष्म जे काही त्या रसात होते, ते विषाणू. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. राऊस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. त्या वर्षीचे बक्षीस दोघांत वाटले गेले आणि दुसरे होते चार्ल्स हगिन्स. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, ते हार्मोन तोडले की तो आकसतो, हे त्यांनी १९४१ साली दाखवले होते. तात्यांना आज दर तीन महिन्यांनी जे इंजेक्शन मिळते, ते त्याच विचाराचे नातवंड आहे.

माणसांतही विषाणूचे कॅन्सर आहेत. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. ते शोधणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. यकृताच्या कॅन्सरमागे हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू असतात. २०१८ साली जगात सुमारे २२ लाख लोकांना जो कॅन्सर झाला, तो विषाणू किंवा इतर जंतूंच्या संसर्गामुळे झाला, असा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. तेव्हा प्रोस्टेटमागेही विषाणू असेल काय, हा प्रश्न शहाण्या माणसांचाच होता.

तो प्रश्न अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात विचारला गेला. तिथले रॉबर्ट सिल्व्हरमन हे 'आरनेज एल' नावाच्या एका पदार्थाचे अभ्यासक. विषाणू शिरला की त्याचा मालमसाला कापून टाकणारी शरीरातली ही कात्री. २००२ साली असे दिसले, की ज्या घराण्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर पुन्हापुन्हा होतो त्यांतल्या काहींत या कात्रीच्या जनुकात दोष आहे. मग तर्क सरळ होता. कात्री बोथट असेल, तर कुठला तरी विषाणू या लोकांत टिकून राहत असेल. सिल्व्हरमन, त्याच शहरातले सर्जन एरिक क्लाइन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जोसेफ डिरिझी यांनी मिळून शोध सुरू केला. डिरिझी यांच्याकडे एक काचपट्टी होती, तिच्यावर ठाऊक असलेल्या विषाणूंच्या खुणा बसवलेल्या. २००३ साली सार्सचा विषाणू ओळखण्यात हिचाच उपयोग झाला होता.

२००६ साली त्यांचा निबंध आला. ८६ रोग्यांच्या गाठी तपासल्या होत्या. ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता अशा २० जणांपैकी ८ जणांत उंदरांच्या रक्तकॅन्सरच्या विषाणूशी नाते सांगणारा एक नवा विषाणू सापडला. उरलेल्या ६६ जणांत फक्त एकात. त्याला नाव दिले एक्सएमआरव्ही. तर्क आणि आकडे इतके नीट जुळले, की कुणालाही खरे वाटावे. आम्ही ते आकडे वाचले तेव्हा आम्हांलाही वाटले.

२००९ साली गोष्ट वाढली. नेवाडा राज्यातल्या रेनो येथील एका संस्थेच्या ज्युडी मिकोविट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या मोठ्या नियतकालिकात लिहिले, की वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळवणाऱ्या एका थकव्याच्या आजारात १०१ पैकी ६८ जणांच्या रक्तात हाच विषाणू आहे, आणि निरोगी २१८ जणांतही ८ जणांत आहे. म्हणजे शंभरात तीन-चार धडधाकट माणसे हा विषाणू घेऊन फिरताहेत! अमेरिका हादरली. त्या थकव्याला डॉक्टर मनाचे खेळ म्हणून उडवून लावीत, त्यामुळे त्या रोग्यांना वाटले, अखेर आपल्या दुखण्याला नाव मिळाले. काहींनी एड्सवरची औषधेसुद्धा सुरू केली. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकन रेडक्रॉसने अशा रोग्यांचे रक्त घेणे थांबवले. पुतण्याकडचे कात्रण याच गदारोळातले.

पण त्याच वेळी दुसरीकडे काहीच सापडत नव्हते. जर्मनीत जवळजवळ ६०० प्रोस्टेटच्या गाठी तपासल्या, एकातही विषाणू नाही. इंग्लंडमध्ये थकव्याचे रोगी तपासले, नाही. एका देशात आहे आणि दुसऱ्या देशात नावालाही नाही, हे कसे? विषाणूला पासपोर्ट लागतो काय?

येथे आमच्यातला कारकून जागा झाला. हेड ऑफिसच्या वहीत एक रक्कम दिसते आणि शाखांच्या वहीत दिसत नाही, तेव्हा अनुभवी माणूस शाखांना लबाड म्हणत नाही. तो हेड ऑफिसच्या वहीत रक्कम कुठल्या पानावरून आली ते पाहतो.

शास्त्रज्ञांनी तेच केले. आधी २०१० च्या अखेरीस असे दिसले, की प्रयोगशाळांत उंदराचा अंश सगळीकडे आहे. तपासणीसाठी विकत मिळणाऱ्या काही औषधांतही उंदराच्या जनुकद्रव्याचा लवलेश होता. चाचणी इतकी तीक्ष्ण, की तेवढ्यानेही 'सापडला' असे उत्तर येई. पण एक्सएमआरव्ही हा कुठल्याही ज्ञात उंदरात जसाच्या तसा मिळत नव्हता. तो आला कुठून?

याचे उत्तर २०११ साली मेरीलँड राज्यातल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे विनय पाठक आणि बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाचे जॉन कॉफिन यांच्या गटांनी दिले. कॉफिन यांचे विशेष असे, की २००९ साली याच विषाणूच्या शोधाची दखल घेणारा लेख त्यांनी स्वतः लिहिला होता. आपण ज्याचे स्वागत केले त्याचीच झडती घ्यायला बसणे सोपे नसते.

गोष्ट अशी. १९९० नंतरच्या वर्षांत क्लीव्हलँडच्याच एका विद्यापीठात एका रोग्याच्या प्रोस्टेटच्या गाठीचा तुकडा उंदराच्या कातडीखाली लावला. हे उंदीर बिनकेसांचे, प्रतिकारशक्ती नसलेले, म्हणून परका तुकडाही त्यांच्यात वाढतो. एका उंदरात वाढला की दुसऱ्यात, त्यातून तिसऱ्यात, असे करत गाठ जिवंत ठेवायची आणि तिच्यावर औषधे तपासायची. पुढे तिच्यापासून पेशींचा एक वंश तयार झाला, '२२ आरव्ही १' नावाचा. तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. या पेशींत एक्सएमआरव्ही भरपूर होता.

सुदैवाने त्या जुन्या फेऱ्यांचे नमुने कुणीतरी थंड पेटीत जपून ठेवले होते. (जुने दप्तर रद्दीत न घालणाऱ्या माणसाला आम्ही मनोमन नमस्कार केला.) पाठक-कॉफिन यांच्या लोकांनी ते बाहेर काढले. पहिल्या फेऱ्यांतल्या गाठीत विषाणू नव्हता, नंतरच्या फेऱ्यांतल्या गाठीत होता. म्हणजे ज्या रोग्याची ती गाठ, त्याच्या अंगात तो कधीच नव्हता. मग उंदीर तपासले. त्यांच्या जनुकांत दोन निरनिराळे जुने विषाणू झोपलेले होते. एकाचा हा तुकडा, दुसऱ्याचा तो तुकडा, जोडले की हुबेहूब एक्सएमआरव्ही. १९९३ ते १९९६ च्या दरम्यान केव्हातरी, त्या उंदरांत वाढणाऱ्या गाठीत हे दोन तुकडे एकत्र आले आणि जगात आधी नसलेला विषाणू तयार झाला. अगदी तशीच जोडणी दुसऱ्यांदा आपोआप होण्याचा संभव एक लाख कोटींत एकाच्या आसपास, असे त्यांनी मांडले.

तेव्हा हा विषाणू चाळीतल्या उंदरात नाही आणि अमेरिकेतल्या रोग्यांतही नव्हता. तो प्रयोगशाळेत जन्मला, त्या पेशींबरोबर टेबलाटेबलावर गेला आणि जिथे तो शोधला जात होता त्याच नमुन्यांत शिरला. 'मागील पानावरून पुढे' म्हणून चुकीची रक्कम ओढत न्यावी आणि पुढच्या प्रत्येक पानाची बेरीज बरोबर यावी, तसा प्रकार.

'सायन्स'ने डिसेंबर २०११ मध्ये थकव्याचा तो निबंध मागे घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये मोठी फेरतपासणी जाहीर झाली: १४७ रोगी आणि १४६ निरोगी माणसे, नमुन्यांवर नावे झाकलेली. विषाणू कुणातच नाही, हे मान्य करणाऱ्यांत मिकोविट्सही होत्या. त्याच महिन्यात सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जुन्या नमुन्यांची पुन्हा चिरफाड करून लिहिले, की प्रोस्टेटच्या रोग्यांत या विषाणूचा पुरावा नाही, आमच्या प्रयोगशाळेतल्या पेशींना त्याची लागण झाली होती. २००६ चा निबंधही मागे घेतला गेला. ज्याने घर बांधले त्यानेच पाया उकरून दाखवावा, हे आमच्या पाहण्यात फार थोड्या वेळा आले आहे. आमच्या कचेरीत तर एका खाडाखोडीवर सही करायलाही माणसे तयार नसतात.

मग आज विषाणू आणि प्रोस्टेटचा कॅन्सर यांचा संबंध आहे की नाही? कुठलाही विषाणू या कॅन्सरचे कारण म्हणून आजतागायत सिद्ध झालेला नाही. एचपीव्हीवर काम चालू आहे. काहींना तो प्रोस्टेटच्या गाठीत सापडतो, काहींना सापडत नाही. ग्रंथीला वारंवार सूज येत राहिली तर पुढे कॅन्सरला वाट मिळते काय, हाही अभ्यासाचा विषय आहे. एकदा दूध पोळल्यावर शास्त्रज्ञ आता ताक फुंकून पितात, हे बरेच आहे.

पण सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर याहून सोपे आहे. ज्या कॅन्सरमागे विषाणू असल्याचे सिद्ध झाले आहे, तो कॅन्सरसुद्धा ताट-पेल्याने लागत नाही. एचपीव्ही शरीरसंबंधातून जातो, हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. त्यांच्यावर लशी आहेत. हिपॅटायटिस बीची लस सरकारी दवाखान्यात बाळाला फुकट मिळते. एचपीव्हीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणली. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे. विषाणूची भीती बाळगायचीच असेल तर ती या कामी यावी.

प्रोस्टेटविषयी चार गोष्टी सांगून ठेवतो. ही ग्रंथी अक्रोडाएवढी, मूत्राशयाच्या खाली, लघवीची नळी तिच्यातूनच जाते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि तो कॅन्सर नव्हे. रात्री वारंवार उठणे, धार बारीक होणे, जोर करावा लागणे हे साध्या वाढीतही होते आणि कॅन्सरमध्येही. दोहोंतला फरक घरी बसून कळत नाही. लघवीतून रक्त आले किंवा म्हातारपणी कंबर-पाठीचे हाड नव्याने दुखू लागले, तर थांबू नये. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच असेही नाही. नुसत्या वाढीने किंवा जंतूंच्या सुजेनेही तो चढतो, म्हणून आकडा पाहून रडारड करू नये आणि आकडा न तपासता निश्चिंतही राहू नये. या कॅन्सरची खरी ठाऊक असलेली कारणे म्हणजे वय आणि रक्ताचे नाते. बाप किंवा भाऊ यांना झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. अशा पुरुषांनी पंचेचाळिशीपासून डॉक्टरांशी बोलावे असे अनेक तज्ज्ञ सांगतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटावे, आणि ते पहिल्याच दिवशी, बिल झाल्यावर नव्हे.

हे सगळे आम्ही तात्यांच्या खोलीत बसून सांगितले. निबंध मागे घेतल्याचा कागद डॉक्टरांकडून छापून नेला होता. पुतण्याला फोन लावला, त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "काका, मग हे तेव्हाच का नाही छापलं कुणी मोठ्या अक्षरांत?" त्याला आम्ही काय सांगणार?

इंजेक्शनांनी तात्यांचा आकडा पहिल्या तीन महिन्यांतच खाली आला. कंबर अजून दुखते, पण रात्री एकदाच उठतात. परवा गेलो तर नातू त्यांच्याच ताटात भाकरी कुस्करीत होता. तो वेगळा पेला फडताळावर आहे, सूनबाई त्यात आता चमचे ठेवतात.

तात्यांचा मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याला तपासणीला चल म्हटले तर "पुढच्या सोमवारी" म्हणतो. असे तीन सोमवार गेले. चौथ्यासाठी आम्ही कचेरीत रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे.